चौथं कडवं

त्र्यंबकमास्तरांच्या एकोणचाळीस कविता परत आल्या होत्या. चाळिसावी मात्र तीन कडवी म्हणून दारातच उभी राहिली होती आणि आत यायला तयार नव्हती.

परत आल्या म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका गावात मास्तर वीस वर्षं शाळामास्तर होते. कविता लिहायच्या त्या जाड पुठ्ठ्याच्या तीन वह्यांत, आणि वह्या ठेवायच्या कुलूप घालून पेटीत. अठ्ठेचाळीस साली गांधीजींचा खून झाला त्या आठवड्यात गावोगाव ब्राह्मणांची घरं जळाली, त्यात मास्तरांचंही जळालं. पेटी गेली, वह्या गेल्या. मास्तर आणि त्यांची थोरली विधवा बहीण, जिला सगळेच अक्का म्हणत, अंगावरच्या कपड्यांनिशी कोल्हापुरात आले आणि मंगळवार पेठेत दोन खोल्या घेऊन राहिले ते तिथलेच झाले. त्या दिवसाबद्दल मास्तर कधी बोलत नसत. दुसऱ्या कुणी विषय काढला तर चष्मा काढून पुसत बसत. खरं तर त्या चष्म्यानं आता पुसूनही काही दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

आता त्रेपन्न साल उजाडलं होतं आणि एका छापखान्याच्या मालकानं, जो मास्तरांचा जुना विद्यार्थी होता, हौसेनं ठरवलं होतं की दसऱ्याला मास्तरांचं पुस्तक काढायचं. पुस्तक काढायचं तर कविता हव्यात. कविता होत्या फक्त मास्तरांच्या आत. त्या बाहेर काढून कागदावर उतरवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे समोरच्या घरातली कालिंदी.

कालिंदी पंधरा वर्षांची होती आणि मॅट्रिकला एकच वर्ष राहिलं होतं. त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिची स्वतःची कविता मोठ्या बाईंनी व्यासपीठावरून वाचून दाखवली होती. तेव्हापासून तिची चालच बदलली होती. तिची आई म्हणायची, पोरगी जमिनीवर पाय टेकते की नाही ते एकदा बघायला पाहिजे. पण अक्षर मोत्यासारखं, आणि मास्तर बोलतील त्या वेगानं लिहायची. शाळा सुटली की टाक, दौत आणि वही घेऊन ती मास्तरांकडे हजर.

मास्तरांची आठवायची तऱ्हा तिला सुरुवातीला गमतीची वाटली. बसून त्यांना काही आठवायचं नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहा पावलं होती. ती घालायला लागले की तिसऱ्या-चौथ्या फेरीला एखादी ओळ सुटायची. एक कविता आंघोळीच्या गरम पाण्याबरोबर आली आणि एक भाजणीच्या वासाबरोबर. ते म्हणायचे, कविता डोक्यात राहत नाही, पायांत राहते आणि जिभेवर राहते. डोक्यात राहतो तो नुसता अर्थ, आणि अर्थाला कोण विचारतो. मध्येच एखादा शब्द नवाच आल्यासारखा वाटला तर थबकायचे, हा आधी होता का म्हणून स्वतःलाच विचारायचे, आणि मग म्हणायचे की जळालेली कविता काही साक्षीला येत नाही, तू लिही. कालिंदी लिहायची. घरी जाताना तिला वाटायचं, आपण एका मोठ्या घराच्या किल्ल्या कमरेला लावून चाललो आहोत.

चाळिसावी कविता त्यांच्या मुलीवर होती. मुलीचं नाव श्यामला. आई बाळंतपणातच गेलेली, तिला अक्कांनीच वाढवलं. एकोणचाळीस सालच्या श्रावणात, सहा वर्षांची असताना, तापानं गेली. मास्तर तेव्हा घरी नव्हते. चंदगडला त्यांची सासुरवाडी. सासरे अत्यवस्थ असल्याची तार आली म्हणून ते गेले, जाताना लेकीला पंचमीच्या आत परत येतो असं सांगून गेले, आणि चंदगडच्या पावसात अडकले. ओढे भरले, मोटारी बंद झाल्या. नागपंचमी तिकडंच गेली. ते घरी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. उंबऱ्यातच त्यांनी अक्कांना विचारलं, शेवटी काय म्हणाली? अक्कांनी सांगितलं. महिन्याभरानं मास्तरांनी ही कविता केली, ओवीच्या चालीवर, चार कडव्यांची. पहिल्या तीन कडव्यांत त्यांनी पाहिलेली श्यामला होती. चौथ्यात ती बोलत होती. तिचे शेवटचे शब्द त्यांनी तिथं घातले होते.

आणि आता नेमकं तेच आठवत नव्हतं. पहिली तीन कडवी स्वच्छ आली होती.

*माझ्या दारातलं ऊन उतरलं पायरीला*
*लेक माझी समजावते रुसलेल्या बाहुलीला*

*माझ्या परसात जाईच्या कळ्या गेल्या उमलून*
*लेक माझी मोजी त्यांना पुन्हा पहिल्यापासून*

तिसरं असंच, विहिरीच्या काठावरचं. चौथ्याला आले की मास्तरांचे पाय थांबायचे. पंधरा दिवस ते त्या खोलीत चालत होते. चालून चालून पायांना गोळे यायचे, पण ओळ येत नव्हती.

"मी ते लिहून ठेवलं ना, तिथंच चुकलं," एका संध्याकाळी ते म्हणाले. कालिंदीकडे बघून नाही, खिडकीच्या उजेडाकडे बघून. "लिहून ठेवलं की मन म्हणतं, झालं, आता मला जपायला नको, वही जपेल. मन मोकळं होतं म्हणतात ते खरं आहे. मोकळं होतं म्हणजे रिकामं होतं. लिहिलं नसतं तर रोज मनात घोळवलं असतं, आणि आज ते इथं असतं."

कालिंदीनं हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मग तिला वाटलं, हे लिहून घेणं बरोबर झालं का.

अक्कांना विचारायचं राहिलं होतं असं नाही. मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. अक्का स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, नाही रे आठवत, चौदा वर्षं झाली. कालिंदीला नवल वाटलं होतं. गावातल्या कुठल्या म्हशीला कोणत्या साली रेडकू झालं तेसुद्धा अक्कांना पाठ होतं. चौदा वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण कोणत्या रंगाचं लुगडं नेसून आलं होतं ते त्या सांगायच्या. पण म्हातारं माणूस, असेल तसं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा पिराजी दोनदा येऊन गेला. बाकीचं सगळं पुस्तक जुळून तयार होतं. एका पानासाठी सगळं अडलं होतं आणि दसरा तीन आठवड्यांवर आला होता. पिराजी दारातच उकिडवा बसून म्हणाला, "मास्तर, तीन कडवी झकास हायती की. चौथ्यावाचून कुणाचं काय अडतंय?"

मास्तर म्हणाले, "त्या एका पानासाठीच बाकीचं पुस्तक आहे, पिराजी."

पिराजी टोपी सारखी करून निघून गेला. त्या दिवशी कालिंदीनं मनाशी ठरवलं की ते कडवं आपण आणायचं. कुठूनही आणायचं.

बोलता बोलता मास्तरांकडूनच तिला कळलं होतं की गावात चिमणाबाई म्हणून शेजारीण होती. दोन्ही घरांत एकच भिंत. अक्का पहाटे दळायला बसल्या की हीच ओवी म्हणायच्या, आणि ती भिंतीपलीकडे ऐकू जायची. चिमणाबाईनं ती उचलली होती आणि तिच्याकडून गावातल्या बायकांनी. मग चिमणाबाईला चौथं कडवं येणारच. कालिंदीला हे इतकं सरळ वाटलं की आजवर कुणाला कसं सुचलं नाही याचंच तिला नवल वाटलं. तिचे वडील अंबादास, ज्यांना ती दादा म्हणे, कचेरीत कारकून होते आणि महिन्यातून एकदा कागद घेऊन पन्हाळ्याच्या कचेरीत जात. ती त्यांच्या मागं लागली. त्यांनी तिला एस.टी.तून पायथ्याच्या गावी उतरवलं, चिमणाबाईच्या स्वाधीन केलं, आणि तीनच्या गाडीला तयार राहा म्हणून बजावून स्वतः वर गेले.

चिमणाबाई साठीची, उंच, काळीभोर बाई. कालिंदी कुणाकडून आली ते कळल्यावर तिनं आधी पदरानं तोंड पुसलं. मग घोंगडं टाकलं, गूळ-शेंगा पुढं ठेवल्या, आणि मास्तरांचं डोळं कसं हाय, अक्कासायेब जेवत्यात का न्हाय, असं सगळं विचारून घेतलं. तिच्या घराच्या उजव्या भिंतीला काळे डाग होते. भिंतीपलीकडे नुसतं जोतं उरलं होतं आणि त्यात एरंड माजला होता. कालिंदी तिकडे बघायला लागली तशी चिमणाबाईनं मान खाली घातली.

"त्या दिवशी परगावची बी माणसं हुती आन् गावातली बी हुती," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. आमचं धनी आन् मी जमंल तेवढं काढलं. भांडी काढली, समई काढली, जातं ओढून काढलं. पेटीला कुणी हात लावला न्हाय. कुलूप हुतं, जड हुती. आमाला वाटलं कापडं असतील." थोडं थांबून ती म्हणाली, "कागदात लेक हाय म्हणून आमाला कुठलं ठावं."

कालिंदीनं हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.  मग तिनं हळूच ओवीचं विचारलं. चिमणाबाईनं डोळे मिटले आणि जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवत तिन्ही कडवी म्हणून दाखवली. आवाज फाटका होता, पण शब्द न् शब्द मास्तरांनी सांगितला तसा. फक्त 'पहिल्यापासून'च्या जागी 'पयल्यापासनं'. तिसरं संपलं आणि ती थांबली.

कालिंदीनं चौथं विचारलं.

"चौथं कुठलं? अक्कासायेब तीनच म्हणायच्या. तिसरं झालं की गप व्हायच्या. नुसतं जातं फिरायचं घरघर, पर आवाज न्हाय. मग आमी बायकांनी काय केलं, त्या गप जागंला जिचं तिनं आपलं घालायचं. पंचमीला फेर धरला की तीन समद्या मिळून म्हणतो, आन् चौथं येकेकीचं. माझा केरबा पटकीत गेला. मी त्येचं घालतो. धोंडुबाईची लेक नांदायला लांब हाय, ती तिचं घालती." ती कालिंदीकडे बघून पहिल्यांदाच हसली. "तू बी घाल की. तुला लिवाय येतंय."

तीनच्या एस.टी.त दादांच्या शेजारी बसून कालिंदी परत निघाली तेव्हा तिची वही कोरी होती. दादा डुलक्या घेत होते. मास्तर दारात उभे असतील, पायांचा आवाज ऐकून विचारतील, आणि आपण नाही म्हणणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ते चित्र तिला सोसवेना. आणि तेवढ्यात, कुठून कोण जाणे, गाडीच्या खडखडाटाच्या तालावर दोन ओळी तिच्या जिभेवर आल्या. तिनं त्या शोधल्या नव्हत्या. चिमणाबाईनं वाचवून मागाहून पोचवलेली समई मास्तरांच्या खोलीत कोनाड्यात होती, तिच्याभोवती त्या ओळी आपोआप जमल्या.

*दिवेलागण झाली, बाबा, वाट किती मी पाहू*
*वात जरा पुढं सारा, नका अंधारात राहू*

तिनं त्या चार वेळा मनात म्हणून पाहिल्या. चांगल्या होत्या. गॅदरिंगच्या कवितेपेक्षा कितीतरी चांगल्या होत्या. कोल्हापूर येईपर्यंत तिला त्या आपण केल्या असं वाटेनासं झालं. ज्याचं त्यानं आपलं घालायचं, असं चिमणाबाई म्हणाली होती. मग श्यामलाच्या जागी आपण घातलं तर त्यात वाईट काय, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत गाडी थांबली.

मास्तर खरंच दारात उभे होते. त्यांनी विचारलं मिळालं का, आणि ती हो म्हणाली. चिमणाबाईनं म्हणून दाखवलं, असंही म्हणाली. मग तिनं ओवीच्या चालीवर त्या दोन ओळी म्हटल्या.

मास्तर भिंतीला हात लावून खाली बसले.  डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"हो," ते म्हणाले. "असंच म्हणाली होती." आणि आत वळून, "अक्का, ऐकलंस? असंच ना?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या मास्तरांकडे बघत नव्हत्या, कालिंदीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "असेल." आणि आत गेल्या.

पुढचे चार दिवस कालिंदी हवेत होती. तिच्या दोन ओळींनी एका म्हाताऱ्या माणसाला त्याची मुलगी परत दिली होती. कवितेकडून याहून जास्त काय मागायचं. पण मास्तरांना एकेक गोष्ट आठवायला लागली. ते म्हणाले, श्यामला रोज दिवेलागणीला समईशी येऊन बसायची आणि वात पुढे सारायचा हट्ट धरायची. दुसऱ्या दिवशी म्हणाले, एकदा तिचं बोट भाजलं होतं, उजव्या हाताचं, त्यावर आपण मध लावला होता. तिसऱ्या दिवशी त्यांना तिचा परकर दिसला, हिरवा, काठाला तेलाचा डाग पडलेला. हे सगळं ते इतक्या प्रेमानं सांगत होते की कालिंदीच्या अंगावर काटा यायला लागला. पहिल्यांदा आनंदानं आला. मग तो आनंदाचा नाही हे तिच्या लक्षात आलं. ही मुलगी तिनं एस.टी.त बनवली होती, आणि मास्तर तिला हिरवा परकर नेसवत होते.

पाचव्या दिवशी ती पाण्याचा तांब्या आत ठेवायला गेली तेव्हा अक्कांनी तिला चुलीजवळ बसवलं. भाकरी थापता थापताच हळू आवाजात विचारलं, "चिमणानं सांगितलं तुला ते?"

कालिंदी हो म्हणाली.

"त्या कडव्यात दिव्याचं नव्हतं, कालिंदे," अक्का म्हणाल्या.

 कालिंदीच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तुम्हाला आठवतंय?" तिनं विचारलं. अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावर पाणी फिरवलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनाही आता एकमेकींचं कळलं होतं, आणि बाहेर मास्तर चौथं कडवं गुणगुणत होते.

त्या आठवड्यात कालिंदी नीट जेवली नाही. शाळेत बाईंनी निबंध वाचायला उभं केलं तर तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. एकदा वाटायचं, राहू द्यावं, म्हातारा माणूस सुखात आहे. पण पिराजी सोमवारी पान न्यायला येणार होता. ते छापलं की श्यामला कायमची तेच बोलणार होती. पाचशे प्रतींमध्ये, मास्तरांच्या नावाखाली, आणि त्यातला एक शब्दही तिनं उच्चारलेला नव्हता. मग वाटायचं, सांगितलं तर मास्तर आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. हे जास्त वेळा वाटायचं, आणि त्याची तिला लाज वाटायची.

रविवारी दुपारी ती गेली. मास्तर पलंगावर बसले होते, अक्का खाली सुपात तांदूळ घेऊन. कालिंदी उभीच राहिली. बसली असती तर सांगितलं नसतं. म्हणाली, मास्तर, ते कडवं चिमणाबाईचं नाही, माझं आहे. चिमणाबाईला तीनच येतात. मी एस.टी.त केलं.

 सुपातले तांदूळ वाजायचे थांबले.

"तुझं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "तेच तर वाईट झालं." ते रागावले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. त्यांचा आवाज अगदी शांत होता, वर्गात उतारा समजावून सांगतानाचा. "आता मला ती समईशीच दिसते. ते मी कसं पुसू? कुणाच्या तोंडी काय घालायचं ते बघून घालावं, कालिंदी. जिवंत माणूस म्हणतं, मी असं बोललो नाही. गेलेल्याला ते म्हणता येत नाही."

कालिंदी रडायला लागली. आवाज न करता, पण रडायला लागली.

"तिला बोलू नकोस, त्र्यंबक," अक्का म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं होतं. "तिनं तुझ्या समोर येऊन आठवड्यात सांगितलं. मला चौदा वर्षं नाही जमलं."

मास्तरांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"तू उंबऱ्यात उभा होतास. नखशिखांत भिजलेला, छत्रीसुद्धा मिटायची राहिलेली. आणि विचारलंस, शेवटी काय म्हणाली. काय सांगणार होते मी? ती काही म्हणाली नव्हती. दोन दिवस ग्लानीत होती. भिंतीकडं तोंड करून निजली होती, तशीच गेली. तुझं नाव नाही घेतलं, माझं नाही घेतलं, पाणीसुद्धा नाही मागितलं. तू पंचमीला येतो म्हणून सांगून गेला होतास, ते तुला खात राहील असं मला वाटलं. म्हणून मीच म्हटलं, ती म्हणाली, बाबांना सांग, मी रुसले नाही."

बाहेरून एक टांगा घुंगरू वाजवत गेला. मग मास्तरांचे ओठ हलायला लागले. ते उठले नव्हते, चालत नव्हते, तरी त्या ओळी आल्या, एकामागून एक, कुठंही न अडखळता.

"सांग माझ्या बाबांना, रुसले मी नाही काही. पंचमी गेली तरी झोका सोडलेला नाही."

तेच होतं. कालिंदीलाही कळलं की तेच होतं. ज्यासाठी पंधरा दिवस पायांना गोळे आले, जे जळालं म्हणून एवढा शोक केला, ते कडवं खोलीत येऊन उभं होतं, पुरं, शब्दाशब्दानं, आणि ते खोटं होतं हे कळल्याबरोबरच ते आलं होतं.

"दळताना ते मला म्हणवायचं नाही," अक्का म्हणाल्या. "वह्या जळाल्या तेव्हा, देवा शपथ सांगते, सगळ्यांचं वाईट वाटलं, पण त्या पानाचं नाही वाटलं. वाटलं, बरं झालं, गेलं एकदाचं. मग आता छापायचं म्हणायला लागलास."

सवयीनं कालिंदीनं टाक उचलला होता. ओळी आल्या की लिहायच्या, हे तिच्या हातालाच ठाऊक. टाकाचं टोक दौतीच्या काठाला लागलं आणि टक् असा आवाज झाला. मास्तरांना तो ऐकू गेला.

"दौत बंद कर," ते म्हणाले.

तिनं बूच लावलं.

"तीन मी पाहिलेली आहेत," ते म्हणाले, स्वतःशीच बोलावं तसं. "तीनच." मग अक्कांकडे वळून त्यांनी विचारलं, "कोणत्या भिंतीकडं?"

"मोरीच्या बाजूच्या."

"पांघरूण होतं?"

"तुझ्या धोतराची घडी. दुसरं कसलंच ठेवत नव्हती, काढून टाकायची."

"काढून टाकायची," मास्तर म्हणाले. "मग शुद्ध होती थोडी."

"थोडी होती."

असं ते विचारत गेले आणि अक्का सांगत गेल्या. ताप कधी चढला, वैद्य कुणी आणला, नेताना कोण होतं, पाऊस होता का. त्यात कडव्यात घालण्यासारखं काही नव्हतं. कधी अक्का म्हणायच्या ते नाही मला माहीत, आणि मास्तर बरं म्हणून पुढचं विचारायचे. चौदा वर्षांत त्या दोघांनी एकमेकांशी यातलं काही बोललेलं नव्हतं, कारण एका ओळीत सगळं सांगून झालं होतं. कालिंदी जायला उठली तर मास्तर म्हणाले बस. ती हात मांडीवर ठेवून बसली आणि लिहायला हातात काही नसताना ऐकणं किती जड असतं ते तिला त्या दुपारी कळलं.

सोमवारी पिराजी यायच्या आधी तीच पान घेऊन छापखान्यात गेली. पिराजीनं कागद उजेडाला धरून वाचला, बोटानं कडवी मोजली आणि तिच्याकडे बघितलं.

"निम्मं पान मोकळं राहतंय की. चौथं गावलं म्हणत हुते मास्तर?"

"तीनच आहेत," कालिंदी म्हणाली.

"मग खाली एक फुलाचा ठसा घालतो. उघडं बरं दिसत न्हाय."

तिच्या जिभेवर एव्हाना दोन नव्या ओळी येऊन थांबल्या होत्या, आणि त्याही वाईट नव्हत्या. तिनं त्या येऊ दिल्या नाहीत. म्हणाली, नको, तसंच राहू दे, मास्तरांनी तसंच सांगितलंय. पिराजीनं खांदे उडवले, तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ जुळवली, आणि खालच्या मोकळ्या जागेत शिशाचे कोरे तुकडे बसवायला घेतले. ते उमटत नाहीत, पण ते भरल्याशिवाय वरची अक्षरं जागेवर राहत नाहीत, असं त्यानं तिला सांगितलं, आणि ती शेवटचा तुकडा बसेपर्यंत तिथंच उभी राहिली.